चेहरा उघडण्याचा दिवस

चित्र घरी आलं ते चौघांच्या खांद्यावरून. कागद तो केवढा, तर एका परातीत मावेल एवढा. पण अर्कातून, म्हणजे खुद्द बेगसाहेबांच्या किल्ल्यातून निघालेली वस्तू एखाद्यानं बगलेत मारून आणावी, हे झरकेंतच्या दरबाराला शोभलं नसतं. म्हणून फळी, फळीवर चित्र, वर पांढरं कापड आणि पुढे एक भालदार अशा थाटात ते गल्लीत शिरलं. शेजारणींनी फळी पाहिली, पांढरं कापड पाहिलं, आणि उस्ताद नियाज अखेर गेले असं समजून एकदम गळा काढला. कोपऱ्यावरचा नानबाई तर पिठाच्या हातांनीच खांदा द्यायला धावला.

बरातबीबी दारात उभी होती. ती म्हणाली, "ते आत आहेत आणि जिवंत आहेत. रडणं जपून ठेवा. लागेल तेव्हा बोलावते."

आत भिंतीला टेकून, तीन गाद्यांवर उस्ताद बसले होते. थंडी सरता सरता त्यांना झटका आला होता. उजवा हात गेला, आणि जीभही गेली. जिभेवर एकच शब्द मागे राहिला, 'पाणी'. भूक लागली की पाणी, रजई हवी की पाणी, आणि धाकटा भाऊ तोलिब भेटीला आला की जरा खालच्या पट्टीत, पाणी. घरातली माणसं दरवेळी वाटी भरून आणत. उस्ताद जन्माचे सभ्य, तेही दरवेळी पीत.

फळीच्या मागोमाग मिर्झा दौलत आले. बेगसाहेबांचे कारभारी. सुकी तुती आणि चहा पुढे आला. मिर्झांनी चहा घेतला, तुती नाकारली, मग थोड्या वेळानं तुतीही घेतली.

"नवरोजच्या दरबारात बेगसाहेबांचं हे चित्र मांडायचं आहे," ते म्हणाले. "सगळं झालंय. फक्त चेहरा उघडायचा राहिलाय."

या कुटुंबात काम वाटलेलं होतं. थोरला साबिर रेषा काढायचा. धाकटा यादगार रंग भरायचा, सोनं चढवायचा. आणि शेवटी, बाकीचं सगळं वाळल्यावर, उस्ताद एकटे दार लावून चेहरा 'उघडायचे'. चेहरा काढतात असं या घरात कुणी म्हणत नसे. तो कागदाच्या आत असतोच, फक्त उघडायचा असतो, असं उस्ताद बोलता येत होतं तेव्हा म्हणायचे.

"कोण उघडणार ते आज ठरवा," मिर्झा म्हणाले. "जो उघडेल तो चित्रशाळेचा पुढचा उस्ताद. आणि नाही उघडला तर बुखाऱ्याहून एक जण यायला तयार आहे. त्याला राहायला घर लागेल. हे बरं आहे," त्यांनी छताकडे पाहिलं, "हवेशीर."

साबिरची बायको अनारगुल दारामागून पुटपुटली, "तुती खाऊन घर मागतोय मेला."

मग कापड काढलं.

इथे एक सांगायला हवं. चाळीसेक वर्षांच्या संसारात बरातबीबीनं नवऱ्याचं पुरं झालेलं चित्र कधी पाहिलेलं नव्हतं. चित्रं अर्कातच व्हायची आणि तिथल्याच पेटाऱ्यात जायची. तिच्या वाट्याला यायचे ते निळ्या दगडाच्या भुकटीनं माखलेले अंगरखे, कुंचल्यांसाठी ओरबाडलेलं आणि त्यामुळे कायम रुसलेलं मांजर, आणि पाठीला पोक आलेला नवरा. हे काम म्हणजे बेगसाहेबांच्या ससाण्यांसारखी एखादी खर्चिक हौस असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ससाणा निदान तितर तरी आणतो.

ती पुढे वाकली, ती एखाद्या सुनेनं केलेल्या पुलावाकडे वाकावं तशी, खोट काढायच्या तयारीनं.

आणि तशीच राहिली.

तुतीच्या झाडाखाली गालिचा होता. गालिच्यावर कापलेलं खरबूज होतं, आणि खरबुजाच्या कापेतून सुटलेलं पाणी ताटाच्या काठाशी जमलं होतं. इतकंसं पाणी. तिनं नकळत पदराचं टोक पुढे केलं, टिपायला. मागे पाट वाहत होता, पाटात झाडाची पानं उलटी हलत होती. कागदावरची पानं हलत नाहीत हे तिला चांगलं माहीत होतं. पण ती हलत होती, त्याला ती काय करणार? आणि झाडाखाली बसलेल्या माणसाचा झगा! भरजरी, निळा, पण कोपरावर विरलेला. विरलेल्या जागेतून आतला कापूस डोकावत होता.

"हे… हे फाटकं कशाला?" मिर्झा चाचरले.

"निळा माझा आहे," यादगार हळूच म्हणाला. "चार वेळा धुऊन काढलेला."

"घडी माझी," साबिर म्हणाला. मग दोघांचीही नजर एकाच वेळी त्या माणसाच्या हातांवर गेली. ते हात दोघांपैकी कुणाचेच नव्हते. उस्तादांनी ते स्वतः, कुणाला न दाखवता केले होते. म्हाताऱ्या माणसाचे, मांडीवर विसरून ठेवलेले हात. शिरा, डाग, आणि डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

बरातबीबीला ती करंगळी माहीत होती. लहानपणी झाडावरून तिनंच बेगसाहेबांना ढकललं होतं.

कारण बेगसाहेब तिच्या आईच्या दुधावर वाढले होते. एका दुधाची भावंडं म्हणजे सख्खीच. त्यांच्यात बुरखा नाही, लग्न नाही, आणि खरं तर दुरावाही नसायचा. पण ती आई वारली तेव्हा बेगसाहेब मातीला आले नाहीत. शाल पाठवली. बरातबीबीनं ती शाल गाढवाच्या पाठीवर टाकली आणि पुन्हा अर्काची पायरी चढले तर नावाची नाही, म्हणून शपथ घेतली. त्यानंतर त्या नात्याचा या घरात कुणी उच्चार केला नव्हता. उस्तादांनी तर कधीच नाही.

आता त्या हातांच्या वर, पगडीखाली, चेहऱ्याच्या आणि दाढीच्या जागी कोरा कागद होता. घोटून घोटून गुळगुळीत केलेला, अंड्यासारखा. सगळे त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. एवढं सगळं भरलेलं चित्र, आणि बघावंसं वाटत होतं ते जे नव्हतं तेच.

तोलिबकाकांनी घसा साफ केला. ते पाळणे आणि पेट्या रंगवायचे आणि कारागिरांच्या जमातीचे वडीलधारे होते. यातलं दुसरं ते जास्त वेळ करायचे.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. "भाऊसाहेबांचा टोचलेला कागद आहे की. ठेवायचा वर, कोळशाची पुरचुंडी थापटायची, चेहरा तयार. दरवेळी तसंच होत आलंय. साबिर कागद धरेल, मी थापटेन. जमातीचा वडील म्हणून."

टोचलेला कागद म्हणजे बेगसाहेबांचा ठरलेला चेहरा. सुईच्या भोकाभोकांतून कोळशाची पूड खाली उतरली की काळीभोर दाढी आणि तलवारीसारख्या भुवया उमटायच्या. बेगसाहेब चाळिशीचे असताना तो केला होता, आणि तेव्हापासून चित्रांत बेगसाहेब चाळिशीचेच होते.

"मला काकांचं पटतं," साबिर म्हणाला. "जपून केलेलं बरं."

"पण अका, या खेपेला बेगसाहेबांनी काय सांगितलं होतं?" यादगार थोरल्या भावावर उसळला. "'मी आता जसा आहे तसा मला बघायचाय.' बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं. म्हणून तर विरलेलं कोपर काढलं ना? त्या कोपरावर काळी दाढी बसवणार तुम्ही?"

"बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील," मिर्झा घाईनं म्हणाले. "मोठी माणसं म्हणतात तसं."

"बेगसाहेब आरशात बघून ठरवतील की खरं काय ते," अनारगुल दारामागून म्हणाली.

मिर्झांनी आणखी एक तुती उचलली. अर्कातल्या प्रत्येक दासीला माहीत होतं, आणि म्हणून गावालाही, की बेगसाहेबांच्या दाढीत पहिला पांढरा केस दिसला त्या वर्षी मिर्झांनी किल्ल्यातले सगळे आरसे 'डागडुजीला' पाठवले होते. ते अजून यायचे होते.

"भावजींचं बरोबर आहे," अनारगुल आता दारातच आली. "जुना चेहरा लावला तर हुकूम मोडला म्हणून मान जाईल."

"तू माझी बायको आहेस की याची वकील?" साबिर म्हणाला.

"बायको आहे म्हणूनच तुमच्या मानेचं बघतेय."

"ठीक आहे, खरा काढू," साबिर चिडला. "कोण काढतोय? यादगार, तू बघितलायस बेगसाहेबांचा चेहरा?"

यादगारनं कुठून बघितलेला असणार! झरकेंतचा दरबार लहान, म्हणून तिथली अदब फार मोठी. बेगसाहेबांसमोर नजर त्यांच्या बुटांच्या वर न्यायची नाही, असा कायदा. फक्त उस्तादांना सूट होती.

"मी बारा वर्षं दरबारात बाबांबरोबर रंगाचे शिंपले धरून उभा राहतोय," साबिर म्हणाला. "बूट सांगा. डोळे मिटून काढून देतो. डाव्या टाचेचा खिळा सुद्धा."

"वर्णन मी करतो," मिर्झा म्हणाले. "लिहून घ्या. मुखमंडल चंद्रासारखं."

"कितव्या दिवसाच्या?" यादगारनं विचारलं.

"काय?"

"चंद्र. कोर की पुरा? मला रंग त्या मानानं लागेल."

मिर्झा उठायच्या बेतात होते. तोलिबकाकांनी त्यांची बाही धरली. "पोरं आहेत, सोडा. भाऊसाहेबांनाच विचारू. दादा, तुम्हीच सांगा. चेहरा कुणी उघडायचा?"

उस्तादांनी आधी चित्राकडे पाहिलं. मग साबिरकडे, यादगारकडे. मग त्यांची नजर बरातबीबीवर येऊन थांबली.

"पाणी," ते म्हणाले.

अनारगुल वाटी घ्यायला वळली.

"बघा, मला म्हणाले," तोलिबकाका म्हणाले.

"थांब ग," बरातबीबी सुनेला म्हणाली. चाळीस वर्षांत या माणसानं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. चित्रशाळा हातची जायची वेळ आली तेव्हा नाही, पगार थकला तेव्हा नाही. 'तुझा भाऊ आहे, एक शब्द टाक' एवढं म्हणायची जरुरी होती, आणि तेवढं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. तिची शपथ त्यांनी तिच्यापेक्षा जास्त सांभाळली. आता ते बघत होते, तसं माणूस पाणी मागताना बघत नाही.

तिनं पुन्हा एकदा त्या खरबुजाच्या पाण्याकडे पाहिलं. असं करणारा हात तिच्या घरात रोज जेवला, आणि तिला पत्ता नव्हता.

"यादगार, शिंपले गोळा कर," ती म्हणाली. "साबिर, कागद उचल. मिर्झासाहेब, चला."

"कुठे?"

"अर्कात. माझा दुधाचा भाऊ आहे तो. म्हणजे या दोघांचा मामा. भाच्यानं मामाच्या तोंडाकडे बघायला तुमची परवानगी लागते, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते वाटेत सांगा मला."

मिर्झा वाटभर तो कायदा आठवत चालले. तोलिबकाका मात्र आपलंही काहीतरी मामापण निघतं का याचा हिशेब करत मागून आले.

दरबाराच्या दालनात दुपारचं ऊन दारातून आत येऊन गालिच्यावर पसरलं होतं. भिंतीकडेनं दरबारी उभे होते, एकजात माना खाली. बरातबीबी मधोमध गेली आणि तिनं तोंडावरची जाळी वर टाकली.

"बाई!" मिर्झा खेकसले, अर्थात जमिनीकडे बघत. "पुरुष आहेत इथे!"

"आहेत ना. पण सगळे बूट बघतायत," ती म्हणाली. "कोकऱ्या, मी बरात."

कोकऱ्या! ते लहानपणीचं नाव ऐकून भिंतीकडेचे दरबारी शहारले. मग गादीवरून एक जाडाभरडा, जुना आवाज म्हणाला, "किती म्हातारी झालीस."

"तू काय कमी झालायस?"

"मला काय ठाऊक? मला कुणी सांगत नाही."

ती बघत होती. गाल आत गेलेले. एक पापणी अर्धी खाली आलेली, कंटाळलेल्या पडद्यासारखी. दाढी पांढरी, अगदी पांढरी. या चेहऱ्यावर ती इतकी वर्षं रागावली होती, आणि तो चेहरा तर आता उरलाच नव्हता.

"आई गेली तेव्हा आला नाहीस," ती म्हणाली.

"निरोप उशिरा…" बेगसाहेब थांबले. "नाही. वेळेवर आला होता. बेगानं रडताना कुणाला दिसू नये, असं तेव्हाच्या कारभाऱ्यांनी सांगितलं. मी ऐकलं."

"मला विचारायचंस."

"हो. तुला विचारायला हवं होतं."

मग तिनं मागे वळून म्हटलं, "पोरांनो, मामांना सलाम करा आणि वर बघा."

घरभर तोंड चालवणाऱ्या यादगारनं वर पाहिलं मात्र, तो जो खाली बसला तो शिंपल्यांशी खुडबुड करू लागला. साबिरनं प्रयत्न केला. खरोखर केला. कपाळावर घाम आला, पण बारा वर्षं खाली राहिलेली मान वर येईना. बुटांपर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरपट्ट्यापर्यंत आली आणि अडकली.

बरातबीबी त्याच्यापाशी गेली. लहानपणी कडू औषध पाजताना धरायची तशी दोन बोटांत त्याची हनुवटी धरली, आणि वर उचलली.

साबिरनं पाहिलं. आधी भ्यायलेल्या डोळ्यांनी. मग भीती कुठे गेली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो नुसता बघू लागला. बापानं काढलेल्या हातांपाशी थांबलेला रस्ता पुढे कुठे जातो ते त्याला दिसत होतं. खाली बसून त्यानं कागद मांडीवर घेतला आणि न बघता हात बाजूला केला. त्या हातात कुंचला आला, बरोबर तोच, टोकाला एका केसाचा, पातळ तपकिरी रंगात बुडवलेला. यादगारनं दिला होता. सकाळपासून भांडणारे ते दोघे त्यानंतर एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. साबिरचा हात यायचा, यादगार द्यायचा. कधी पापणीसाठी थोडा गुलाबी, कधी गालाच्या खळग्यासाठी हिरवट सावली, जी मागायला साबिरकडे शब्दही नव्हता.

बरातबीबी मुलाच्या खांद्यामागे उभी होती. तिनं चार मुलं जन्माला घातली होती, त्यातली दोन राहिली. माणूस जगात येताना तिनं पाहिला होता. हे तसंच होतं, फक्त आरडाओरडा नव्हता. कोऱ्या कागदातून आधी एक सुरकुती आली. मग तिच्या आधाराला दुसरी. मग नाकाची बाजू, मग ती दमलेली पापणी. काहीच नव्हतं तिथे, आणि आता होतं. पोटच्या पोराचा हात, रोज तिच्याकडून आणखी एक नान मागून घेणारा, हे करत होता. हे याच्यात कुठे होतं? नियाजमध्ये कुठे होतं? तिला वाटलं, आपण आयुष्यभर एका मोठ्या नदीच्या काठी राहिलो आणि फक्त कपडे धुतले.

सगळ्यात शेवटी साबिरनं श्वास रोखला आणि डोळ्यांत दोन बाहुल्या ठेवल्या. बरातबीबीनं चटकन डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं. कुणीतरी दालनात आल्यासारखं वाटलं होतं.

साबिरनं कागद दोन्ही हातांनी उचलून बेगसाहेबांसमोर तिवईवर उभा केला.

बेगसाहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा म्हातारा कोण?" त्यांनी विचारलं.

मिर्झांच्या घशातून बारीक आवाज निघाला. तोलिबकाका दाराच्या दिशेनं एक पाऊल सरकले. साबिर जागच्या जागी गोठला होता, पण त्याची मान आता खाली जात नव्हती.

"तुझ्या झाडाखाली बसलाय," बरातबीबी म्हणाली. "तुझा झगा घातलाय. नीट बघ."

बेगसाहेब पुढे झुकले. त्यांची नजर हातांवर गेली, वाकड्या करंगळीवर थांबली. त्यांनी स्वतःचा डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. मग पुन्हा त्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या अर्ध्या मिटल्या पापणीकडे, त्या पांढऱ्याशुभ्र दाढीकडे.

"आई बघायची तसा बघतोय," ते म्हणाले.

आणि मग ते उठले.

त्या मुलखात पांढऱ्या दाढीचं माणूस समोर आलं की लहानांनी उठून उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय बसायचं नाही, हे दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत. पण बेगसाहेब गादीवर बसल्यापासून कुणासाठी उठले नव्हते. त्यांच्यापुढे कुणी मोठा उरलाच नव्हता. ते हळूहळू उठले, गुडघ्यावर एक हात टेकून, आणि तो हात छातीवर ठेवून चित्रासमोर उभे राहिले.

सगळ्या दरबाराच्या नजरेसमोरून बूट हलले. नाइलाजानं एकेकानं मान वर केली. बरातबीबीनं घाईघाईनं जाळी तोंडावर ओढली. तिच्या बारीक भोकांतून तिला दिसलं, दालनातली सगळी माणसं कधी त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाकडे बघत होती, कधी दुसऱ्याकडे, आणि कुणाला कुणाकडे बघू नये ते आठवत नव्हतं.

बेगसाहेब बसायला तयार होईनात. मिर्झांना काय करावं ते सुचेना. बेगाला खाली बसवण्याची रीत कुठेच ठरलेली नव्हती.

"पाय दुखतील," बरातबीबी शेवटी जाळीआडून म्हणाली. "बस आता, कोकऱ्या."

"कसा बसू?" बेगसाहेब चित्रावरची नजर न काढता, अगदी हळू म्हणाले. "आधी त्यांनी बस म्हणायला हवं."